मालकांना फोन करू नये

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागदाच्या व्यापाऱ्याशी भांडत होतो. मीनावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... झोपेतच." व्यापाऱ्याला म्हटलं, तू म्हणतोस तो भाव. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस पुरी न करता सौदा मिटवला, आणि त्याचाही राग शिरीषवरच काढला. दीड महिना झाला, अजून काढतोय.

ठाकुर्लीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो प्रोग्रामर झाला, आणि मी लग्नाचे फोटो काढता काढता डोंबिवलीत अल्बम छापायचं दुकान टाकलं. कोणाच्या ओळखीवर नाही, स्वतःच्या तोंडावर. लोकांनी घरबसल्या फोटो पाठवावेत म्हणून शिरीषने वेबसाइट करून दिली आणि पहिल्याच लग्नसराईत बोंब झाली. गिऱ्हाईक शेकड्याने फोटो चढवायचं, ‘अल्बम बनवा’ दाबायचं, की पान जागच्या जागी थिजायचं. वैतागून ते पुन्हा दाबायचं. मग साइट सगळ्यांसाठीच ठप्प आणि माझा फोन सुरू. शहाडच्या एका नवरीच्या वडिलांवर मी असा ओरडलो, की ते काम घेऊन दुसरीकडेच गेले. मी शिरीषला बोलावून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "बाळ्या, वेटरच डोसे भाजायला बसला तर बाकीची टेबलं कोण बघणार? त्याने ऑर्डर आत द्यायची आणि बाहेर यायचं." त्याच्या भाषेत, जड काम बॅकग्राउंड थ्रेडमध्ये टाकायचं.

त्याने तसं केलं आणि पान क्षणात मोकळं व्हायला लागलं. पण मला पटेना. पडद्यावर काही हलत नाही म्हणजे काम बंद पडलं, एवढंच मला कळायचं. एका दुपारी तिरीमिरीत उठलो आणि मागच्या खोलीतल्या, साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं बटणच बंद करून पुन्हा चालू केलं. आत नऊ अल्बम अर्धे झाले होते... सगळे गेले. शिरीष आला, त्याने बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"वीज गेली तरी चालावं म्हणून बॅटरी लावली रे. तुझ्यासाठी काय लावू?"

त्याच दिवशी त्याने प्रत्येक काम आधी यादीत लिहिलं जाईल अशी सोय केली. मशीन बंद पडलं तरी चालू झाल्यावर ते यादी बघून उरलेलं काम उचलतं. फोन थांबले, मला दुपारचं जेवण गरम मिळायला लागलं. पण त्या दिवशी निघताना त्याने आणखी एक उद्योग करून ठेवला होता. तो मला विठ्ठलवाडीच्या एका गिऱ्हाइकाने हसत हसत दाखवला. पडद्यावर लिहिलं होतं : ‘तुमचा अल्बम तयार होत आहे. पान बंद केलंत तरी चालेल, झाल्यावर कळवू. मालकांना फोन करू नये, ते ओरडतात.’

"काढ ती ओळ."

"नाही काढणार."

"निदान ‘ते कामात असतात’ असं कर."

"मी खोटं लिहीत नाही."

चार वर्षं दर दिवाळीला माझ्याच घरचा फराळ खात त्याने हा सौदा लांबवला. शेवटी मी ‘ते कधीकधी ओरडतात’वर आलो होतो. चकली मोडत तो म्हणाला, "पुढच्या दिवाळीला बघू." आणि गेला. सौदा अर्धवट टाकून उठायची ही कुठली पद्धत?

गेल्या आठवड्यात कल्याणची एक मुलगी साइटचं काम समजून घ्यायला आली. नवीन प्रोग्रामर, हुशार आहे. म्हणाली, "काका, ही ओळ जरा विचित्र वाटते. काढू?"

चार वर्षं जे मागत होतो, ते एका शब्दावर मिळत होतं.

"हात लावायचा नाही तिला!"

आवाज बाहेर बाकापर्यंत गेला. तिथे एक बाई अल्बमची वाट बघत बसल्या होत्या. त्या दचकल्या. त्यांनी हातातल्या मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.