दुसऱ्याच्या गावचा फुटबॉल

फुटबॉल पाहायला दरवर्षी परदेशी जाऊनही आपण एकाही मोठ्या स्टेडियमचं तोंड पाहिलं नाही, याचा दामोभाऊंना फार अभिमान होता. करडीत त्यांची राईस मिल. हंगाम आटोपला की बाकीचे मिलमालक तिरुपतीला जात, दामोभाऊ पोलंडला जात. तेही अशा खेड्यात, जिथला बेकरीवाला दुपारी गोलकीपर होतो आणि प्रेक्षक म्हणजे त्याची बायको, त्याची सासू आणि आमचे दामोभाऊ.

"मोठा खेळाडू पगारासाठी खेळते, सर. गावचा खेळाडू गावासाठी खेळते. अस्सल फुटबॉल पाहाचा असन तर गावातच जा लागते," असं ते मला सांगत. ते गाव मात्र नेहमी दुसऱ्याचं असे.

मी करडीच्या शाळेत खेळ शिकवतो. मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडे आहे. गावाला मैदान एकच, आणि नवं धान आलं की त्यावर दामोभाऊंच्या मिलची पोती रचली जात. नेमक्या स्पर्धांच्या दिवसांत माझ्या पोरी रस्त्याच्या कडेला सराव करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देत. तालुक्याला जाऊन हरून येत. घरचे म्हणू लागले, "हराले कायले जाता?" एकेक मुलगी गळत चालली होती. आणखी एक हिवाळा असाच गेला असता तर संघ म्हणून फक्त मी आणि शिट्टी उरलो असतो.

म्हणून मी दामोभाऊंकडे गेलो. त्यांनी मला मैदानातल्याच एका पोत्यावर बसवलं आणि मोबाईलमधले फोटो दाखवले. "हे पाहा, सर. गाव आपल्या करडीहून लहान. पन ग्राउंडवर कोनी बकरी बी बांधत नाही. आपल्या इथं लोकायले खेळाची कदरच नाही." मी खालच्या पोत्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "वल्लं नाही ना लागून राहिलं?" त्यांनी काळजीने विचारलं. पाहुण्याची फार चिंता करत.

निरोप घेताना ज्याला त्याला 'या एकदा आमच्या गावाले' म्हणायची आपली रीत. दामोभाऊ ती परदेशातही पाळत. आपल्याकडे ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. पोलंडच्या एका सामन्यात भेटलेल्या यान नावाच्या चेक म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तिकीट काढलं आणि कळवलं, जानेवारीत येतो, तुमच्या गावचा सामना पाहायला.

दामोभाऊ पहिल्यांदाच माझ्या घरी आले. "सर, आपल्या गावाची टीम आहे ना?"

"आहे. पोरींची आहे."

"मंग मॅच ठेवा."

"कुठं ठेवू?"

दामोभाऊ तडक मिलकडे गेले. पोती हलली, चुन्याच्या रेषा पडल्या, कारधा गावच्या मुलींच्या संघाला निरोप गेला.

सामन्याच्या दिवशी यान मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीशी उभा राहिला. प्रत्येक खेळाडूचं नाव विचारायची त्याची सवय होती आणि मोबाईल त्याचा प्रश्न हिंदीतून सांगे. "गोलकीपर कौन है?" दामोभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "संध्या." ती त्यांच्याच मिलमधल्या हमालाची मुलगी. पोलंडच्या बेकरीवाल्याच्या सासूचं नाव ज्यांना पाठ होतं, त्यांना करडीतलं एकही नाव येईना. दोन-चार नावं अशी उसनी घेतल्यावर त्यांची मान खाली गेली. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण त्यांची दया आली. सामना आम्ही रीतसर हरलो.

यान गेला. दुसऱ्या दिवशी मिलचा ट्रक पोती घेऊन मैदानाकडे वळला, तर दामोभाऊ वाटेत उभे. "इकडे नाही. माह्या आंगनात टाका."

"मंग आमी जावं कोठून?" घरी वहिनींनी विचारलं.

"मांगच्या दारानं."

तेव्हापासून पोती त्यांच्याच अंगणात राहिली. मैदान मिळालं, पण सोबत दामोभाऊही मिळाले. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत आणि न मागता सल्ले देत. "संध्या, तू लय पुढं येऊन राहिली." पुढच्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो. त्याचं सगळं श्रेय दामोभाऊंनी पोलंडला दिलं.

गेल्या हंगामात ते अचानक गेले. अंगण पोत्यांनी भरलेलं, माणसांना उभं राहायलाही जागा नाही. शेवटी त्यांना मैदानावर आणून ठेवलं. त्या दिवसाचा आमचा सराव बुडाला. असलं काही त्यांच्याबद्दल मनात आलं की मला हसू येत असे, त्या दिवशी रडू आलं. फार जीव लावला होता त्या माणसाने.

मुली कडेला उभ्या होत्या. संध्या माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, आता पोते कोठं ठेवतीन?"

मिल आता त्यांच्या मुलाची होती. तो शेजारीच उभा होता. त्याने डोळे पुसले आणि तिला म्हणाला, "बाबूजी ठेवत होते तिथंच, आंगनात."