तिघांपुरता स्टीमर

आज कोथिंबीर वडीचा वाफाळता वास आला आणि अमरावतीतलं ते भांड्यांचं दुकान आठवलं. आई गेल्यावर बाबा तिवस्याहून आमच्याकडे कायमचे राहायला आले होते. मी स्टीमर घ्यायला निघाले, तर तेही सोबत आले.

दुकानदारानं विचारलं, "घरात किती जण?"

"तीन," मी बोलून गेले. मी, नवरा आणि मुलगी.

बाबा शेजारीच उभे होते. माझा उतरलेला चेहरा पाहून तेच म्हणाले, "लहानच घे बाई. मले कुठं वाफेचं आवडते!"

आईच्या हातच्या वड्या ते ताटभर खायचे, हे मला ठाऊक होतं. तरी मी लहानच घेतला. त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून तेव्हा हायसं वाटलं. बाबा गेल्यापासून ते हायसं वाटणंच सलतं.