कांताबाईंची कॉमेंट्री

कांताबाई कॉमेंट्री करताना कधी बसल्या नाहीत. टेबल होतं, खुर्ची होती, एकदा तर प्राचार्यांच्या केबिनमधली गादीसुद्धा आम्ही खुर्चीवर आणून ठेवली. पण रेफ्रीची शिट्टी वाजली की बाई पदर कमरेला खोचत, माइक हातात घेत, चाळीस मीटर वायरचं वेटोळं खांद्यावर टाकत आणि चेंडू जाईल तिकडे रेषेच्या कडेकडेनं चालू लागत. चेंडू उलटा फिरला की त्याही फिरत. वायर ताणली गेली की थांबत आणि भोंग्यातून सरळ जाहीर करत, "आता माई वायर संपली जी. कोपऱ्यातले लोक, तुमी सांगा, काय झालं गा तितं?" मग कोपऱ्यातले लोक ओरडून सांगत, आणि बाई ते माइकमधून सगळ्या मैदानाला कळवत.

त्या आमच्या कॉलेजात शिपाई होत्या. नवरा लॅबमध्ये कामाला होता, तो गेल्यावर अनुकंपेवर लागल्या. मी तिथला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. माझ्या हातून त्यांचं एक वाईट झालं. ते लिहायला मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्हीदा उठून फेऱ्या मारत राहिलो. आता लिहितो.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगाव तालुक्यात फुटबॉल कसा आला ते नक्की कुणाला माहीत नाही. गोंदियाच्या रेल्वे वसाहतीतून आला म्हणतात. धान कापून झालं की आमच्या चार कॉलेजांचे सामने सुरू होत. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. बक्षीस म्हणजे एक ढाल. सामना दुपारी चारला, म्हणजे बांधावरची कामं आटपून गाव मैदानावर येई. या चार कॉलेजांच्या गटाचा सचिव मी होतो. कॉमेंट्री इतिहासाचे सर करायचे. एके वर्षी त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली आणि माइक टेबलावर नुसता पडून राहिला. कांताबाई खेळाडूंसाठी पाण्याची बादली घेऊन चालल्या होत्या.

"सर, हे रिकामं काऊन ठेवलं जी?"

"बोलणारं कुणी नाही."

"मी बोलू का?"

मी हसलो. बादली खाली ठेवून त्यांनी माइक उचलला. पहिलं वाक्य आठवतं, "नऊ नंबरचा पोरगा चोरखमारा गावचा आहे, सकाळी धान मळून आला, त्याले कोनी धक्का देऊ नोका, तो आंगानं थकला, पडल." मैदान खदखदून हसलं आणि नऊ नंबरचा पोरगा लाजून लाल झाला. त्यानं त्या दिवशी दोन गोल मारले. इतिहासाच्या सरांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

बाईंना ऑफसाइड कळायला एक हंगाम लागला. तोवर त्या रेफ्रीलाच माइकवरून विचारत, "हा गोल काऊन नाई देला जी साहेब? लोकायले समजून सांगा." रेफ्री बिचारा खेळ थांबवून रेषेपाशी येऊन समजावून सांगे. प्राचार्य एकदा म्हणाले, "कांताबाई, तुम्ही रेफ्रीलाच शिकवता." बाई म्हणाल्या, "शिकवत नाई जी, त्याले जागं ठेवतो." आणि दुसऱ्या कॉलेजानं गोल मारला तरी त्यांचा आवाज तितकाच चढे. आमची पोरं रुसली तर म्हणत, "गोल तो गोल असते. जे दिसते ते सांगतो, जे नाई दिसत ते इचारतो. तुमी मारा, मंग तुमचाबी सांगीन."

एक सामना मी विसरणार नाही. आमच्या बॅकला खेळणाऱ्या पोराच्या पायाला जबर लागलं, तो पडला तो उठेना. गर्दी मैदानात घुसली. मी त्याच्यापाशी पोचेपर्यंत भोंग्यातून बाईंचा आवाज आला, हळू, घरात बोलावा तसा. "याची माय इथं आलेली आहे, मले दिसून राहिली. माय, घाबरू नोको. पोरगा डोळे उघडून आहे. सर त्याच्यापाशी पोचले. आता पाय हालवून राहिला. दोनी पाय हालवून राहिला, माय." त्या पाच मिनिटांत त्यांनी खेळाबद्दल एक शब्द काढला नाही. त्या मायनं नंतर बाईंच्या हातात बोरं आणून दिली होती.

मग टीव्ही आला. जिल्ह्यातलं एक केबल चॅनल, तेच सामने मोबाइलवरही थेट दाखवणार होतं. त्यांचा माणूस माझ्या केबिनमध्ये बसून म्हणाला, "सर, चार टीम में क्या दिखाएँगे? दो हफ्ते में सब खतम. दस करो. बालाघाट की लो, उधर राजनांदगाव की लो. बॉर्डर पार का पब्लिक भी देखेगा." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. चार कॉलेजांचा सचिव होतो, दहा कॉलेजांचा झालो. तीन राज्यांचा गट म्हणून बॅनर छापलं, त्यावर माझा फोटो होता. शेजारच्या कॉलेजाशी दरवर्षी दोनदा होणारा सामना नव्या वेळापत्रकात बसेना, तर तो काढून टाकला. चॅनलला दुपारची वेळ मोकळी होती म्हणून सामने एक वाजता ठेवले. बाई म्हणाल्या, "एक वाजता कोन येईल जी? कावळे?" पण पुढच्याच क्षणी डोळे चमकवत त्यांनी विचारलं, "मी टीव्हीत ऐकू येईन ना पन?"

मी म्हणालो, "येणार ना."

तेव्हा मला माहीत होतं की येणार नाहीत. चॅनलनं गोंदियाचा एक हिंदीत बोलणारा माणूस ठरवला होता. मी चॅनलवाल्यांना म्हणालो होतो, "आमच्या बाईंना मी सांगतो." मधे आठ दिवस होते. रोज सकाळी बाई माझ्या टेबलावर फडकं फिरवत, आणि रोज मी ठरवे की आज सांगू.

बाईंना टीव्ही हवा होता तो मुलीसाठी. रेखा मुर्री गावात दिली होती. तिची सासू येताजाता "शिपाईनीची पोरगी" म्हणे, जेवायला वाढतानासुद्धा. बाईंनी रेखाला फोन केला तो माझ्यासमोरच. "तुया सासूले टीव्हीसमोर बसव. शेजारनीयलेबी बोलाव. म्हन, माई माय बोलनार आहे." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "एकदा ऐकू दे जी तिले. एकदाच."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा सांगा."

सामन्याच्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. मैदानाभोवती बांबूवर आमचे चार भोंगे होते. खेळ सुरू झाल्यावर दहाच मिनिटांत चॅनलचा माणूस धावत माझ्याकडे आला. "सर, मैडम की आवाज़ हमारे माइक में घुस रही है. बंद करवाओ."

मी भोंग्यांच्या मशीनपाशी गेलो. कॅमेऱ्याकडच्या दोन भोंग्यांच्या वायरी काढल्या. उरलेल्या दोन्हींचा आवाज कमी केला. त्यानं लांबूनच हातानं अजून कमी, अजून कमी असं खुणावलं, आणि मी बटण फिरवत गेलो. बाई रेषेवर लांब होत्या, वायरच्या टोकाशी. तिथं त्यांचा स्वतःचा आवाज जवळच्या पोरांना ऐकू जात होता, त्यामुळे त्यांना काही कळलं नसावं. त्या चालत होत्या, वळत होत्या, हात करत होत्या. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कॉमेंट्री ती असेल. मला पलीकडून तुटक तुटक शब्द येत होते. एकदा चेंडू बाहेर गेला, शांतता झाली, आणि स्पष्ट ऐकू आलं, "मुर्रीवाले, ऐकून राहिले ना जी?"

माझा हात बटणावर होता. मी तो काढला नाही.

मुर्रीत रेखाच्या घरी टीव्हीसमोर सासू होती, चार शेजारणी होत्या. टीव्हीतून एका पुरुषाचा हिंदी आवाज येत होता. अर्ध्या तासानं सासू म्हणाली, "तुयी माय मानूस कधीपासून झाली व?" हे मला बाईंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत, नेहमीसारखं फडकं हातात होतं. मग विचारलं, "सर, काय झालं जी?"

आणि मी, पंचवीस वर्षं पोरांना खिलाडूवृत्ती शिकवणारा माणूस, म्हणालो, "वायर कुठेतरी तुटली असेल."

वायर बाई स्वतः सांभाळत. दर सामन्यानंतर पुसून, गुंडाळून, उंदरांपासून लपवून ठेवत. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी ती वऱ्हांड्यात सगळी उलगडली आणि एका टोकापासून बोटांनी चाचपत बसल्या. वीतभर पुढे, पुन्हा वीतभर पुढे. पोरं त्यांना ओलांडून जात होती. मी केबिनमध्ये बसलो, उठलो, खिडकीशी गेलो, परत बसलो. तासाभरानं त्या दारात आल्या.

"वायर तं चांगली आहे, सर."

एवढंच. वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून त्या गेल्या. पुढच्या सामन्याला मी माइक पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "घसा बसला जी." त्या निवृत्त होईपर्यंत तो बसलेलाच राहिला.

दहा कॉलेजांचा गट दोन हंगाम चालला. चॅनलला पुढे दुसरं काहीतरी मिळालं, ते निघून गेले. बॉर्डरपलीकडची कॉलेजं परत गेली. मग आम्ही जुन्या तीन कॉलेजांना फोन केले, तर शेजारच्या कॉलेजानं विचारलं, "आता आमची आठवण कायले आली, सर?" चार कॉलेजांचा गट पुन्हा जुळला नाही. आता हिवाळ्यात एखादा मैत्रीचा सामना होतो, कुणीतरी काठीला मोबाइल बांधून शूटिंग करतं. त्यात आवाज फक्त वाऱ्याचा येतो.

निवृत्तीच्या समारंभात बाईंबद्दल मीच बोललो. कष्टाळू, हसतमुख, वक्तशीर. टाळ्या झाल्या. बाईंनी नारळ घेतला आणि मला नमस्कार केला. तोही मी घेतला.

गेल्या महिन्यात गोंदियाच्या बाजारात रेखा भेटली. म्हणाली, आई आता आमच्याकडेच असते. मी तब्येत विचारली. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाकी ठीक आहे जी. सासूबाई अजून आईले टीव्हीवाली म्हनते. पाहुन्यायसमोर म्हनते. खोटारडी टीव्हीवाली." पाच वर्षं झाली होती. माझा समज होता की ते त्याच दिवशी संपलं असेल. मी घरी आलो, जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पोट बिघडलं म्हणालो. दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि मुर्रीला गेलो.

बाई ओट्यावर होत्या. थकल्या होत्या, पण आवाज तोच. "या जी सर, इकडं कसे काय?" पाणी दिलं. मी पाणी हातात घेऊनच सांगून टाकलं. भोंगे मी काढले, आवाज मी कमी केला, वायरीचं खोटं सांगितलं, आणि आठ दिवस आधीपासून मला सगळं माहीत होतं. सांगताना त्यांच्याकडे पाहायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मले कायले सांगून राहिले जी? वायर पाहिली तवाच मले समजलं होतं. तिले सांगा."

अंगणात रेखाची सासू सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाई म्हणाल्या, "तिले आता कमी ऐकू येते. मोठ्यानं बोला."

मी अंगणात गेलो. म्हणालो, "आजी, त्या दिवशी टीव्हीवर कांताबाईंचाच आवाज येणार होता. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पण चॅनलवाल्यांनी ऐन वेळी..."

"सर," ओट्यावरून आवाज आला. "चॅनलवाले मशीनपाशी होते का?"

"नाही."

"कोन होतं?"

"मी."

"मंग तेच सांगा ना जी."

मी सांगितलं, मोठ्यानं. शेजारच्या भिंतीवरून एक बाई डोकावली, मग दुसरी. म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग पाच वर्सं कुठं होते गा तुमी?"

ओट्यावरून कांताबाईंनी घरात हाक मारली, "रेखा, भाकर राहू दे. बाहीर ये व." पिठाचे हात तसेच घेऊन रेखा दारात आली. बाईंनी तिला आपल्याजवळ उभं केलं आणि मला म्हणाल्या, "आता हिच्यासमोर सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.