रात्रीची हाक

बायकोचं म्हणणं होतं की झोपेत माझा श्वास थांबतो. माझं म्हणणं होतं की तो थांबत असता तर वाद घालायला मी उरलो नसतो. चंडीगडला येऊन आम्हाला दहा वर्षं झाली होती आणि त्यातली निदान पाच तरी हा वाद चालू होता. मी सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं दुरुस्त करायचो. ज्याचा आलेख निघत नाही ते मला पटत नसे, आणि हे मी घरातही ऐकवत असे. ती म्हणायची, "अहो, मी रोज बघते." मी विचारायचो, "अंधारात?"

एक गोष्ट मात्र मलाही जाणवायची. झोपेत कुठून तरी "अहो" अशी हाक यायची. मी "हं" म्हणायचो आणि पुढे काहीच नसायचं. सकाळी विचारावं, "रात्री काय म्हणत होतीस?" तर ती म्हणायची, "काही नाही." हिला बोलणं अर्धवट सोडायची सवय आहे, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी भाजी घेऊन येताना लाइट पॉइंटवर, म्हणजे इथल्या सिग्नलवर, लाल दिवा लागला आणि स्कूटरवर बसल्या बसल्या मी चक्क पेंगलो. मागे ती बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने पंचकुल्याच्या एका क्लिनिकमध्ये माझी वेळ घेतली. "यंत्र म्हणालं तर मानाल ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "यंत्र म्हणालं तर मानेन. आणि नाही म्हणालं तर हा विषय बंद."

खरं सांगायचं तर मला त्या यंत्राचीच जास्त उत्सुकता होती. रात्री नऊला मी तिथे पोचलो. घरच्या माणसांना थांबायची परवानगी नव्हती. तंत्रज्ञ एक पन्नाशीच्या पंजाबी बाई होत्या. त्यांनी माझ्या डोक्याला चिकट मलम लावून वायरी चिकटवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाखाली एक नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. मी प्रत्येक वायरीची चौकशी केली. हा सिग्नल किती क्षीण असतो? पट्टा सैल झाला तर कसं कळतं? शेवटी मी यंत्राची मागची बाजू बघायला वाकलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर जी, आज आप पेशंट हो. लेट जाओ."

दिवे मालवले गेले. त्या शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, "आँखें दाएँ. अब बाएँ. अब खाँसो जी." मी खोकलो. तिकडे पडद्यावर माझा खोकला कसा दिसला असेल, या विचाराने मला इतका आनंद झाला की आता झोप कसली येते, असंच वाटलं.

सकाळी वायरी निघाल्यावर मी त्यांना तेच सांगितलं. "मला झोपच लागली नाही." त्या हसल्या आणि मला पडद्यासमोर बसवलं. दिवे मालवल्यावर दहा मिनिटांत मी झोपलो होतो. हा माझा पहिला पराभव.

दुसरा त्याच्या खालच्या रेषेत होता. श्वासाची रेषा वरखाली होत चालली होती आणि मधेच सपाट. सेकंदांमागून सेकंद सपाट. पट्टे हलत होते, म्हणजे छाती धडपडत होती, पण नाकाशी हवा नव्हती. मग एक मोठा उसळता श्वास, आणि थोड्या वेळाने पुन्हा सपाट. असं पानामागून पान. सपाट रेषेचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पर ये देखो," बाई म्हणाल्या. रात्री पाऊणच्या सुमाराला अर्धा तास असा होता की रेषा सपाट व्हायची आणि लगेच सावरायची. कुणी तरी हात धरून ओढून काढावं तशी. त्यांनी वेळ पुन्हा बघितली आणि त्या एकदम ओशाळल्या. "सॉरी सर जी. तब मेरी बहन का फ़ोन आया था. स्पीकर का बटन खुला रह गया होगा."

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळे लुधियान्याच्या बहिणीला काही घाई नव्हती.

"पर मैं तो कुछ बोली भी नहीं," त्या म्हणाल्या. "वही बोल रही थी. मैं तो बस आहो, आहो."

पंजाबीत 'आहो' म्हणजे हो. दहा वर्षं भाजीवाल्यांकडून हा शब्द मी ऐकत होतो. मला हसू फुटलं. म्हटलं, "बहनजी, हमारे यहाँ बीवी पति को ऐसे बुलाती है. अहो."

त्याही खळखळून हसल्या. "हाय रब्बा! तो आधा घंटा मैं आपकी बीवी बनी रही?"

मग त्या पडद्याकडे वळल्या. बोट त्या रेषेवरून सावकाश फिरवलं, आणि त्यांचं हसू ओसरलं.

"आवाज़ से आपकी साँस लौटती है," त्या म्हणाल्या. "तो घर पे मैडम रोज़ आवाज़ लगाती होंगी. सर जी, फिर वो सोती कब हैं?"

मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पाच वर्षं मी पुरावा मागत होतो आणि पुरावा रोज रात्री मला नावाने नाही तर 'अहो' म्हणून उठवत होता.

डॉक्टरांना भेटून, नाकावर लावायच्या मास्कचं समजून घेऊन मी निघालो. स्कूटरवर येताना एकच वाक्य घोळवत होतो, तुझं बरोबर होतं. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायची मला सवय नव्हती.

बेल दोनदा वाजवली. मुलीने दार उघडलं. मी विचारलं, "आई कुठे आहे?"

"मम्मी सो रही है," ती म्हणाली. आमची मुलगी मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. "दूध भी मैंने लिया. पापा, वो उठी ही नहीं."

पहाटे पाचला उठणारी बाई. घड्याळात साडेआठ झाले होते.

मी खोलीत डोकावलो. ती माझ्या बाजूला तोंड करून गाढ झोपली होती. एक हात माझ्या रिकाम्या उशीपर्यंत पसरलेला, आणि श्वास संथ, एकसारखा. मी दारात उभा राहून तो बराच वेळ ऐकला. वाक्य तयार होतं. "अगं" ओठांपर्यंत आलंही होतं. मी ते गिळलं आणि दार हळूच लोटून घेतलं.