घरच्यांची परीक्षा घ्यायला लावणाऱ्या शैलाताई

शैलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हादरलोच होतो. माझी पुतणी मानसी तेव्हा नऊ वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. आमच्या ओवे गावातल्या घरात तो शब्द कोणी काढत नव्हतं. तिला अशक्तपणा आहे, एवढंच सांगितलं होतं. रुग्णालयाजवळच्या खोलीत ताई अशा मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आजाराबद्दल शिकवतात. तिथे मानसीने विचारलं, "मला काय झालंय?" ताई तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तुला रक्ताचा कॅन्सर आहे. त्याची औषधं चालू आहेत."

वहिनी रडायला लागली. मला वाटलं, संपलं, पोर आता खचली. मानसी म्हणाली, "मला वाटलंच. मी आले की सगली गप होतात."

ताईंची शिकवायची रीतच वेगळी. आधी मुलांना शिकवायचं, मग मुलांनी घरच्यांची परीक्षा घ्यायची. चुकेल त्याने उभं राहायचं. सातवीत शाळा सोडलेला मी तिथे पुन्हा उभा राहिलो. "काका नापास," असं मानसीने जाहीर केलं. ताई हसल्या नाहीत. शेजारी बसून त्यांनी मला सगळं परत समजावलं, कमीपणा न आणता.

पुढे माझ्या बहिणीची हळद होती. अंगणात बेंजोची वाजंत्री, दारात पाहुणे, आणि मानसीला ताप भरला. माझे बाबा म्हणाले, "तापाची गोली दे तिला. पाव्हनं जमलेत, सकाली नेऊ." वहिनीने गोळी पुढे केली. मानसीने ती घेतली नाही. सगळ्या बायकांसमोर तिने विचारलं, "आजा, ताप आल्यावर काय करायचं?"

बाबांनी वहिनीच्या हातातल्या गोळीकडे बोट दाखवलं.

"दवाखान्यात विचारल्याबिगर गोली नाय. आनी थांबायचं नाय. आजा, तू नापास. उभा रहा."

आमच्या घरात बाबांना उलट बोलायची कोणाची छाती नाही. बाबा खरंच उभे राहिले. मग हळदीच्या हातांनीच त्यांनी मला गाडी काढायची खूण केली.

रुग्णालयात तपासलं, तर तिच्या रक्तात जंतू पसरायला लागले होते. सकाळपर्यंत थांबला असतात तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. एवढं भरलेलं घर, आणि त्यात शहाणं माणूस एकच, तेही नऊ वर्षांचं. तिला तेवढं शहाणं ताईंनी केलं होतं.

आज मी परदेशात, सलालाच्या बंदरात क्रेन चालवतो. फोन केला की ताई आधी माझ्या जेवणाची चौकशी करतात. मानसीचे उपचार पूर्ण झालेत. ती शाळेत जाते.

ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. रोज कोणते तरी आईबाप तो शब्द पहिल्यांदा ऐकतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. अशा वेळी समोर ताई बसलेल्या असाव्यात, म्हणून त्यांना भरपूर आणि धडधाकट आयुष्य मिळो.