अर्धं गोंदण

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या हॉस्पिटलात मी रोज सकाळी पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या एका म्हाताऱ्याचं रक्त काढायचे. कमरेपासून गुडघ्यांपर्यंत त्याचं अंग काळ्या गोंदणाने भरलेलं होतं. डावी मांडी तेवढी कोरी. तिच्यावर तो घाईने चादर ओढायचा.

एकदा मी विचारलंच.

"आमच्याकडे जोडीने गोंदवतात. माझ्या जोडीला धाकटा भाऊ होता. त्याला वेदना सोसेनात, तो मध्येच उठला. गोंदण अर्धं सोडणं म्हणजे जन्मभराची नाचक्की. ती त्याला एकट्याला भोगावी लागू नये, म्हणून मीही उठलो."

"मग नंतर पूर्ण का नाही केलंत?"

"तो वारला. आता मी पूर्ण केलं, तर तो एकटाच अर्धा राहील."

मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. सुई टोचली, तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही.