अस्खलित कानडी

हे मी अजून कुणापुढं बोललेलो नाही. मी — ज्यानं तोंड मिटावं म्हणून दिंद्रुडच्या बाजारात लोक स्वतःहून चहा पाजतात — एवढी एकच गोष्ट पोटात ठेवून आहे. तुम्ही अनोळखी, म्हणून धीर झाला.

त्या दुष्काळात आमच्याकडं चिमण्यासुद्धा अंघोळीला नंबर लावायच्या. अर्धं गाव ऊसतोडीला निघालं. आमची टोळी पार आत कर्नाटकात, एका सहकारी कारखान्याच्या पट्ट्यात जाणार होती, आणि मुकादमाला कानडी बोलणारा माणूस पाहिजे होता. मी म्हणालो, मला अस्खलित येते. कानडी म्हशी माझ्या आवाजावर पान्हा सोडतात. खरं काय? सोलापुरात यंत्रमागावर सहा महिने काढलेले, तेवढ्यात चाळीसएक शब्द उचलले आणि हेल उचलला. हेल मात्र अगदी तिथला. माझं ‘हौदु’ — म्हणजे होय — इतकं अस्सल, की समोरचा भराभरा बोलत सुटायचा, आणि मला काडीचं कळायचं नाही. फडात ते खपलं. पाणी कुठं, गाडी कधी — हातवाऱ्यांवर भागायचं. बोलायचं काम माझं, म्हणून कोयता काही धरावा लागला नाही.

मग कौसल्यावहिनी आजारी पडली. माझ्या चुलतभावाची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ अजून नाही. पोटात कळा, अंगावरून जाणं थांबेना. भावानं आणि मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याशी बराच वेळ बोलल्या — शांतपणे, कागदावर चित्र काढून. मी मान डोलवत राहिलो. मग त्यांनी काहीतरी विचारलं. थांबून पुन्हा तेच विचारलं.

“काय म्हंत्यात, भाऊजी?” वहिनी म्हणाली.

“काय न्हाई वैनी. गाठ हाय, काढू म्हंत्यात.”

गाठ मी चित्रावरून ठरवली होती. बाईंना म्हणालो, हौदु. दोन्ही वेळा. भावानं अंगठा उठवला.

‘मला समजलं नाही’ — एवढं म्हणायला काय झालं होतं? माझ्या चाळीस शब्दांत तेवढं बसत होतं, हो. पण मुकादमाच्या कानावर गेलं असतं, मग? उद्या माझ्या हातात कोयता नसता का आला?

घरी सोडायच्या दिवशी तिथल्या आयानं मला बाजूला घेतलं. तिला मोडकंतोडकं मराठी यायचं. म्हणाली, घरी लेकरं आहेत ना हिला? बाई दोनदा विचारत होत्या — मुलं झालीत का, पिशवी काढली तर चालेल का. मी म्हणालो, आहेत की, दोन आहेत.

म्हणजे तेव्हा मला कळलं होतं. मराठीत कळलं होतं.

भावाला सांगितलं नाही. आज सांगू, गावी गेल्यावर सांगू... गावी आलो, आणि वहिनीची पाळी आली नाही. एक महिना, दोन महिने. ती लाजून हसायला लागली. चुलती तिला कपिलधारला घेऊन गेली, नारळ फोडला. कुणी हाक मारली तरी वाटायचं, कळलं. परत आल्यावर वहिनीनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

“तुमी व्हते म्हून वाचले, भाऊजी. न्हाईतर त्या मुलखात माझं कोण ऐकलं असतं?”

मी पेढा खाल्ला. वर चेष्टेत दुसराही मागितला.

चौथ्या महिन्यात बीडच्या दवाखान्यात तिला खरं सांगितलं गेलं. घरातल्यांनी त्या डॉक्टरीणबाईला शिव्या घातल्या, आणि मी — मी तर गोष्टच रचली. बाई कशी लबाड होती, मी कानडीत तिच्याशी कसा भांडलो, टेबलावर मूठ आपटली तेव्हा औषधाच्या बाटल्या कशा नाचल्या. माझ्या सगळ्या थापांत हीच जास्त चालली.

परवा पारावर कुणीतरी पुन्हा तीच सांग म्हणाला. वहिनी डोक्यावर दळण घेऊन चालली होती, ती थांबली. मी तिच्याकडं बघितलं. आणि सगळी सांगितली — भांडण, मूठ, नाचणाऱ्या बाटल्या, सगळी.